पायाळू मामाची लाथ

आभाळ नुसतं गडगडलं तरी आमच्या मामाच्या शेजारची माणसं उठून लांब जाऊन बसायची. मामा पायाळू. जन्मला तेव्हा आधी पाय बाहेर आले, मग डोकं. आणि पायाळूवर वीज पडते, हे सगळ्या मावळाला पाठ. वैशाखात वळवाचे ढग चढले की आमच्या गावात, वडिवळ्यात, त्याला कुणी ओसरीवर घेईना. मामा रागवायचा नाही. “लय ऐसपैस जागा मिळती बग,” म्हणायचा आणि रिकाम्या झालेल्या पारावर अंग पसरायचा.

पण भाताची आवणी लागली की हीच माणसं त्याच्या दारात हजर! चिखलात रोपं लावताना वाकून वाकून कमरेत उसण भरायची, आणि उसणीवर पायाळूच्या लाथेसारखं औषध नाही, हेही सगळ्या मावळाला पाठ. मामा माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, “कुटं दुखतंय, नीट सांगा,” म्हणायचा आणि देवाचं नाव घेऊन हाणायचा. वैशाखात जे फार लांब पळालेले असत, त्यांना जरा सणसणीत बसायची, असा माझा दाट संशय आहे.

पायाळूला मुलगी द्यायला कोण धजतंय? मामा तसाच राहिला. माझ्या थोरल्या बहिणीवर, ताईवर, त्याचा भारी जीव. तिच्या लग्नात मंगलाष्टकांना मामा म्हणून तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढी एकच त्याची हौस. लोणावळ्याच्या बाजारातून फेटासुद्धा आणून ठेवला होता. आणि लग्न ठरलं ते नेमकं वैशाखात! वडगावहून व्याह्यांचा निरोप आला, पायाळू माणूस मांडवात नको. आई रडायला लागली. मामा म्हणाला, “रडती कशाला? मी बांधावर उभा ऱ्हाईन. तितनं अक्षता टाकीन.” तिथून अक्षता पोचवायला गोफण लागली असती!

लग्नादिवशी ऊन असं, की सनईवाल्याला सनई तोंडाला लावताना चटके बसत होते. आगगाडीने कामशेतला उतरून वऱ्हाड चालत आलं ते भाजूनच निघालेलं. वेशीजवळ पोचलं आणि आभाळ एकदम काळंठिक्कर पडलं, वारा सुटला, विजा चमकायला लागल्या. झालं! नवरदेवासकट सगळे बांधावरच्या उंच आंब्याखाली घुसले. मामा थोडा लांब, आपल्या बांधावर.

“झाडाखाली नगा थांबू! वीज झाडावर येती!” मामा ओरडला.

व्याही म्हणाले, “तुम्ही तेवढे लांब राहा, म्हणजे आम्हाला कसली भीती?”

मग मामाने काय करावं? फेटा सावरला आणि थेट आंब्याकडेच निघाला. “आलो, आलो! मीबी येतो आडोशाला!”

अगं बाई, काय ती पळापळ! नवरदेव मुंडावळ्या धरून, भटजी पोथी डोक्यावर घेऊन, व्याही धोतर सावरत, सगळ्यांनी कोरड्या खाचरात उड्या टाकल्या. दमून थांबले की मागून मामाचं “आलोच!” होतंच. घरापर्यंत पोचले आणि मागे कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. आंबा उभा चिरला होता.

जीव वाचला म्हणून कुणी मामाचे पाय धरले का? नाव नको! “बघा, हा झाडाकडे गेला आणि वीज आलीच!” व्याही गरजले. पण गरजता गरजता मध्येच कळवळले. उडी मारताना कमरेत उसण भरली होती. बसता येईना, सरळ होता येईना. मांडवात सगळ्यांच्या नजरा मामाकडे वळल्या. औषध काय, हे सगळ्यांना पाठच होतं.

मामाने हात जोडले. “व्याहीबुवा, लाथ मारीन. पन मंगलाष्टका सरंस्तवर मला हितनं हलता यायचं न्हाई. न्हाईतर उसण माघारी येती.”

साफ थाप! व्याह्यांनी दात-ओठ खाल्ले आणि भिंतीकडे तोंड केलं. भर मांडवात, वाजंत्र्यांसमोर, मामाने देवाचं नाव घेतलं. ती लाथ मात्र जरा जपून बसली. व्याही ताठ झाले.

मंगलाष्टका सुरू झाल्या आणि आभाळ पुन्हा कडाडलं. भटजींसकट सगळा मांडव मामापासून दोन पावलं लांब सरकला, नवरदेवसुद्धा. ताईही मागे सरली. पण तिच्या मागे मामाच होता. ती त्याला पाठ टेकून उभी राहिली. मामाचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं.

मामा गेला तो भर थंडीत, स्वतःच्या अंथरुणात. वीज काही त्याच्याकडे फिरकली नाही. ताईला आता नातवंडं आहेत. वैशाखात गडगडलं की ती अजून हातातलं काम टाकून एक पाऊल मागे सरते. मागे कुणी नसतं, तेव्हा तिला रडू येतं. मलाही येतं.