गेममधली कंपनी अन् आईचा राग

दोस्तहो, आज डोकं सटकलं हाये.

दुपारी गेमच्या शेवटाले पोचलो. पुढच्या शतकातलं शहर. तिथली कंपनी लोकायले मशीनचे डोळे विकते. दरसाली नवे घेतले नाही तं अंधार.

कापसाची किडकी बोंडं फोडत बसलेली आई मागून पाहून राह्यली होती.

"आपल्या सरकीच्या पाकिटासारखंच," ती म्हणे. "दरसाली नवं घ्या, तरी बोंडअळी येतेच. जाळून टाक ते कंपनी!"

पण कंपनी न जाळता तिच्याशी हात मिळवला तं हीरोले उडणारी गाडी भेटते. मी मिळवला.

तवापासून आई धड बोलत नाही. जेवाले मागतलं तं म्हणे, "जाय, तुह्या कंपनीले माग."

आर्णीकरहो, तुमीच सांगा, गेमच होता ना तो?