ओसरीवरची बोटं
ओल्या सारवणाचा वास आला, की इंग्रजाच्या राज्यातला आसेगावातला तो दिवस आठवतो. बैलाच्या लाथेनं माझा पाय मोडला होता, म्हणून बायको कापूस वेचायला जायची आणि मी तीन लेकरं घेऊन घरी. “घरी बसल्या मानसानंच ओसरी सारवावी. कामाले बाई लावाल तं याद राखा!” असं बजावून ती गेली. मी एक कोपरा सारवला, तर तिथून घसरलेली शेळी थेट मंगरूळपिरात जाऊन थांबली! लेकरांच्या भोकाडानं तिकडे रिसोडच्या बाजारात बैल बुजले. शेवटी पायलीभर ज्वारी कबूल करून शेजारच्या म्हातारीला बोलावलं. तिनं घटकाभरात बाकीची ओसरी आरशासारखी केली. संध्याकाळी बायकोनं शेणावर उमटलेली बोटं न्याहाळली. “हे वळन तुमच्या हाताचं नाही. कोन आलती?” आता दुसराही पाय गेला असं समजून मी सगळं कबूल केलं. ती माझ्या कोपऱ्याकडे बघत राहिली, मग खाली बसून पोट धरून हसली. “बरं केलं बाप्पा! सारं असंच सारवलं असतं तं मलेच खरवडा लागलं असतं. उद्याबी बलावा तिले.” माझा जीव भांड्यात पडला. गावात मात्र आजही मी छातीठोक सांगतो, की ती ओसरी मीच सारवली होती.