शनिवारची सफाई

धाटावच्या कारखान्यात मी एका सहकाऱ्याचे काम पुसून टाकले, असे रोह्यात अजूनही सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती संगणकखोली आतून पाहिलेली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रसायनाची बॅच केव्हा तापवायची, केव्हा थंड करायची, हे ठरवणारे प्रोग्राम संगणकावरच्या एका सामाईक भांडारात असत. बदल करायचा तर आपल्या नावाचे कुलूप लावून प्रत बाहेर काढायची. मग दुसऱ्याला त्या प्रोग्रामला हात लावता येत नसे. दर शनिवारी मी सफाई करीत असे. जी प्रत भांडारातल्या मुळाशी तंतोतंत जुळे ती पुसली जाई आणि तिचे कुलूप उघडे. मूळ शाबूतच. यात कोणाचे काय गेले?

तो सहकारी पेणजवळच्या मिठागरवाल्या घरातला, चाळिशीचा. रिअ‍ॅक्टरच्या शेडमधल्या वाफांनी छाती बिघडली, म्हणून त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे घेतले होते. जमले नाही तर परत शेडमध्ये.

खोलीत टर्मिनल दोनच, त्यामुळे सगळे आधी छापील कागदावर पेन्सिलने बदल लिहीत, ओळींच्या क्रमांकांसह. त्याने गुरुवारी प्रत काढली, कुलूप लावले आणि कागद घेऊन पेणच्या गाडीत बसला. कासू स्टेशन येईस्तोवर एक पान लिहून होते, असे तो सांगे. शनिवारी यंत्रावरची त्याची प्रत जशीच्या तशी होती. ती पुसली गेली. दुपारी दुसऱ्या एका इंजिनियरने तोच प्रोग्राम काढला, सुरुवातीलाच अकरा ओळी घातल्या, त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक सरकले, आणि भांडारात ठेवला. सोमवारी याने नवी प्रत काढून कागदावरच्या क्रमांकांबरहुकूम आपल्या ओळी टाकल्या. थंड पाणी सोडण्याची ओळ नको तिथे पडली आणि बॅच भांड्यातच दगडासारखी गोठली.

चौकशीत मला विचारले, "शनिवारी यंत्रावर त्याचे काही काम होते?"

"नव्हते," मी म्हणालो. ते खरे होते.

शुक्रवारी त्याच्या टेबलावर पेन्सिलने भरलेली पाने मात्र मी पाहिली होती. कुलूप लावलेल्या प्रती सफाईतून वगळण्याची सोयही मला ठाऊक होती. प्रोग्राम उगाच अडवून बसणाऱ्यांना शिस्त लागावी म्हणून मी ती वापरीत नसे. हे मला कोणी विचारले नाही.

शेडमध्ये परत जाण्याच्या दिवशी तो गेटवर भेटला.

"साहेब, तुमी खोटं नाय बोललात. त्या अकरा ओळी मीच बघायला पायजे व्हत्या. पण माजा कागद तुमी बघितला व्हता ना?"

"कागद ही नोंद नव्हे."

"व्हय. आमच्या मिठागरातला मुकादम पण असाच बोलतो, वहीत नाय ती टोपली भरलीच नाय." तो हसला आणि हसता हसता खोकू लागला.

तेव्हा सांगणाऱ्यांनी निदान नीट सांगावे. त्याचे काम मी पुसले नाही. ते कागदावर होते. मी त्याचे कुलूप उघडले, त्याला कळवले नाही, आणि चौकशीत विचारले तेवढेच बोललो. पुढच्या शनिवारपासून कुलूप असलेल्या प्रती मी वगळू लागलो. त्याला परत घ्या, असे मात्र मी कधीच लिहून दिले नाही.