दुसऱ्या मजल्यावरची माफी

साकेत नगरात आमच्याच इमारतीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. चर्चला कोण उशिरा आलं, कोणी गाताना नुसतेच ओठ हलवले, हे त्यांना मान न वळवताच कळतं. "मला काय करायचंय म्हणा!" असं म्हणून त्या सुरुवात करतात आणि मग अर्धा तास थांबत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सासरहून कायमची परत आली, तेव्हा जिन्यात त्या मला म्हणाल्या, "मला काय करायचंय म्हणा! पण दोष तिचाच असणार."

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी प्रार्थनासभा होती. वाचायची पाळी त्यांचीच होती. दुसऱ्यांचे दोष काढू नका, या येशूच्या शिकवणीपाशी त्यांचा खणखणीत आवाज अडकला. चष्मा काढून त्यांनी बायबल माझ्या हातात दिलं आणि तडक खाली गेल्या. आम्ही जिन्यात कान देऊन उभे.

"बेटा, मी तुझ्याबद्दल वाईट बोलले. तुला माहीत नसेल, म्हणून सांगायला आले."

"आंटी, पूरी बिल्डिंग को पता है," म्हणून ती हसली आणि एकदम रडायलाच लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं.

वर येऊन त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, "काकू, याला मोठं मन लागतं."

"ते राहू द्या. जिन्यात मी बोलले तेव्हा तुम्ही मान डोलावली होती. तुम्ही कधी जाताय?"

मी चपला शोधू लागलो.