कुठंच न अडकणारा व्हिडिओ

महाडच्या बाजारात तो लग्नांचे, पालख्यांचे व्हिडिओ जोडून देतो. जोडलेला व्हिडिओ मशीनमधून बाहेर काढायला, म्हणजे एक्स्पोर्ट लावला, की हात मांडीखाली दाबून बसतो आणि दुकानात कुणाला बोलू देत नाही. "गप ऱ्हावा जरा. मशीन बिथरतं." मध्येच एरर आली तर चिडत नाही; सगळं पुन्हा चालवून खराब तुकडा हुडकतो. आपला व्हिडिओ कुठंच अडकत नाही, याचा त्याला भारी अभिमान.

यंदाच्या शिमग्यात आमच्या गावी, कुडपणला, बाबांनी पालखीला खांदा दिला. महिन्याभरात ते गेले. त्यानेच काढलेला पालखीचा व्हिडिओ घ्यायला मी दुकानात गेलो, तर नेमकं तिथंच चित्र थिजत होतं: पालखीखाली हसणारे बाबा, आणि मागं ढोल चालूच. "एवढं नीट करा," मी म्हटलं.

त्याने मन लावून केलं. पेनड्राइव्ह देताना म्हणाला, "कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळं केलं, लग्नसराई हाय."

घरी लावलं. पालखी आमच्या अंगणातून सरळ देवळात पोचली. बाबांचा तुकडाच त्याने काढून टाकला होता.

परवा रस्त्यात त्याने हौसेने विचारलं, "दादा, कुठं अडकला नाय ना?"

"नाय," मी म्हटलं. "कुठंच नाय."