चोरून खाण्याचा आळ

धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात मे महिन्यात कुणी घामाघूम झालं तर कुणी वळूनही बघत नाही. त्या दुपारी खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई घामानं निथळत होत्या आणि त्यांचा नवरा वर्तमानपत्रानं वारा घालत होता. "कूलरचं पाणी संपलं वाट्टे, सिस्टर," तो म्हणाला. मी बाईंच्या कपाळाला हात लावला आणि चरकले. कपाळ थंडगार होतं. उकाड्याचा घाम असा नसतो. नाव विचारलं तर त्या नुसत्याच हसल्या.

बोट टोचून शुगर बघितली. आकडा भलताच खाली गेला होता. आणखी थोडा वेळ कुणी लक्ष दिलं नसतं तर बाई हातच्या गेल्या असत्या. डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी सांगताच शिरेतून ग्लुकोज दिलं. हळूहळू त्यांची नजर ठिकाणावर आली.

पण या बाई उमरेडहून आल्या होत्या त्या शुगर उतरत नाही म्हणून. इन्सुलिनचा डोस वाढत गेला, शुगर हटायला तयार नाही. कोळसा खाणीतून निवृत्त झालेला नवरा भरती करतानाच सर्वांदेखत म्हणाला होता, "चोरून खाते जी हे. मानतच नाई." बाई एवढंच बोलल्या होत्या, "मी नाई खात." त्यांच्यावर कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

आम्ही जेवणाआधी घरी घेत तेवढाच डोस दिला होता. ताटही बाईंनी माझ्यासमोर संपवलं होतं. तरी ही गत. तरुण डॉक्टर म्हणाले, "बघा, इथे चोरून खायला मिळालं नाही, तर लगेच उतरली." नवऱ्यानं मान डोलावली. माझं डोकं फिरलं. एवढ्या डोसला पुरून उरायचं तर बाईंनी घरी दिवसभर गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसायला हवं होतं. बाई त्याच, डोस तोच. बदलली होती ती इन्सुलिनची बाटली: घरची नाही, आमच्या दवाखान्यातली.

"काका, इन्सुलिन घरी कुठे ठेवता?"

"बर्फात," तो छाती फुगवून म्हणाला. "आमच्याकडची गरमी तुमाले मालूम नाई का? फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फाच्या ट्रेमागं ठेवतो. दगड होऊन जाते. मंग सकाळी हातावर चोळून चोळून पातळ करतो. हिले हातच नाई लावू देत मी."

इन्सुलिन एकदा गोठलं की पुन्हा पातळ होऊनही त्याचा भरवसा उरत नाही. हा माणूस इतक्या मायेनं बायकोला जवळजवळ पाणी टोचत होता आणि वर तिलाच चोर ठरवत होता. डोस वाढवणाऱ्या कुणीही आजवर बाटलीची चौकशी केली नव्हती, हे तर मला अजून पटत नाही.

मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे हिनं चोरून नोतं खाल्लं?" बायको समोर पडली होती, पण विचारलं त्यानं मला.

उत्तर बाईंनी दिलं, तेही माझ्याकडे बघूनच. आवाज अगदी साधा होता.

"पौर्णिमेले घरी खीर केली होती, सिस्टर. तवा सुनायसमोर माह्या तोंडात बोट घालून पाह्यलं यायनं."