रंगोजीराव मेष्ट्रूंचा कोळी

रंगोजीराव मास्तर खुर्चीवर सरळ बसत नसत. खुर्ची उलटी फिरवायची, दोन्ही बाजूंना पाय टाकायचे, तिची पाठ लगामासारखी घट्ट धरायची आणि मग समोर मांडी घालून बसलेल्या पोरींवर नजर फिरवायची, ही त्यांची शिकवण्याची तयारी. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत स्वार होते. मास्तर स्वतः जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्यालासुद्धा लांबून वळसा घालत, पण ती गोष्ट वेगळी. "रक्तात रिसाला हाय आमच्या," असे ते म्हणत, आणि खुर्ची कुरकुरली की तिला प्रेमाने थोपटत.

मी तेव्हा म्हैसूरच्या नॉर्मल स्कुलात शिक्षिकेचे शिक्षण घेत होते. किल्ल्यापलीकडच्या एका गल्लीत मुलींची प्राथमिक शाळा होती आणि तिच्यात मराठी घरांतल्या मुलींचा एक वेगळा वर्ग होता. तिथे मास्तरांच्या हाताखाली मदतीला मला धाडले. मास्तरांचे वय झालेले, म्हणून मुलींच्या शाळेत ते चालत. मी काखेत चित्रांची गुंडाळी आणि पाठाची टिपणे घेऊन हजर झाले. उद्देश, साहित्य, प्रस्तावना, सगळे कसे ओळीत लिहिलेले. मास्तरांनी टिपणांचा वासही घेतला नाही.

"काय ग, पोरी गप कशा बसवायच्या ते लिवलंय का ह्यात?"

"नाही, मास्तर."

"मग सुम्ने बस."

सुम्ने म्हणजे गप्प, आणि सुम्ने म्हणजे उगीचच. पहिला आठवडा मी दोन्ही अर्थांनी बसले. ते मला नॉर्मलम्मा म्हणू लागले आणि मुली मिस्सम्मा.

मुली मास्तरांना मेष्ट्रु म्हणत. घरी मराठी बोलत, पण ती कन्नडात इतकी मुरलेली की तहानेला पाणी 'बेकु' असायचे आणि पोट भरले की 'साकु' व्हायचे. मास्तरांची मराठी तीच, फरक एवढाच की ती जगात सर्वांत शुद्ध आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. माझी आई साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली, तिच्या वळणाची माझी बोली ऐकून त्यांना माझी कीव येई. "तुमची मराठी बाजारात बसून बिघडली," ते म्हणत. "आमची घोड्यावर बसून आली. वाटेत कुटं उतरली न्हाई."

शेवटी एकदा त्यांनी मला पाठ घेऊ दिला. मुंबई इलाख्यातून आलेल्या क्रमिक पुस्तकातले वाक्य होते, 'कोळी जाळे विणतो.' नॉर्मल स्कुलाच्या शिकवणीप्रमाणे आधी मुलांचे पूर्वज्ञान जागृत करायचे असते. मी विचारले, "कोळी कुणी पाहिलाय?" सगळे हात वर. माझा ऊर भरून आला. "कुठे?" तुळशी नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आमच्या घरी, मिस्सम्मा. बुट्टीखाली झाकून ठेवतात." टोपलीखाली कोळी, हे जरा चमत्कारिक वाटले, पण मुलांच्या निरीक्षणाचा अनादर करू नये असेही आम्हाला शिकवले होते. मी पुढे विचारले, "तो काय काय करतो?"

"पहाटे आरवतो!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. मी मास्तरांकडे पाहिले. ते अभिमानाने मान डोलावत होते. मागे वळले, तर फळ्यावर त्यांनी स्वतः काढलेला भलाथोरला कोंबडा सुताच्या जाळ्यात उभा होता, आणि इतकी वर्षे त्या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येक मुलीला तो तसाच ठाऊक होता.

मी हळूच म्हटले, "मास्तर, कोळी म्हणजे जेड. तो किडा."

"जेड कन्नड," मास्तर म्हणाले. "कोळी मराठी, पुस्तकात छापलंय. पुण्याच्या लोकांनी आमच्याकडनंच उचललाय तो शब्द."

"पण कोंबडी जाळे कशी विणेल?"

"कोंबडी न्हवं ग, कोंबडा! 'विणतो' लिवलंय, 'विणती' न्हवं. वाच नीट. कोंबडी अंड्यावर बसली, मग घरचं काम कुणी करायचं?"

यावर नॉर्मल स्कुलात काही शिकवले नव्हते. मुलींना मात्र तो कोंबडा फार प्रिय होता. त्याच्या जाळ्यात कधी चामुंडीच्या डोंगरावरचे माकड अडकायचे, कधी घरमालक. सुताचा रंग कोणता यावरून त्या हातघाईवर यायच्या, आणि हे सगळे भांडण मराठीत चालायचे. खोटे कशाला बोलू, मला तो वर्ग आवडू लागला होता.

अशातच बातमी आली की एक इन्स्पेक्टरसाहेब वर्ग तपासायला येणार. पुण्याकडून नुकतेच नोकरीवर आलेले, कन्नडाचा गंध नाही. मुलींची मराठी त्यांच्या पसंतीला उतरली तर वर्ग राहील, नाही तर मुली कन्नड वर्गात मिसळायच्या. त्या दिवशी मास्तर प्रथमच खुर्चीवर सरळ बसले.

"पोरी काय, शिकतील कन्नडात," ते म्हणाले. "येतंच की त्यांना. मी कुटं जाऊ ग?"

मी पाठाची टिपणे चाळू लागले. ती पाहून ते म्हणाले, "तुझा तो साताऱ्याचा कोळी शिकव. वर्ग वाचला की माझा परत आणू."

मग मी मुलींकडून घोकून घेतले. कोळी म्हणजे आठ पायांचा किडा. पुन्हा म्हणा. आठ. मास्तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. फळ्यावरचा कोंबडा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला.

साहेब आले. पांढरी पगडी, उपरणे, कपाळाला गंध. त्यांनी तुळशीला उभे केले आणि गोड आवाजात विचारले, "हल्ली कुठे राहतेस, बाळ?"

कन्नडात हळ्ळी म्हणजे खेडे. तुळशीला राग आला. "हळ्ळीत न्हवं, सार. पेटेत राहते."

"पेटीत?"

"व्हय, सार. सगळेच."

पेटे म्हणजे बाजारपेठ हे मी सांगणार, तोवर साहेबांनी पुस्तक उघडले होते. नेमका कोळीच निघाला. तुळशीने खणखणीत सांगितले, "कोळी म्हणजे आठ पायांचा किडा. तो जाळे विणतो." साहेबांचा चेहरा खुलला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मी देवाचे नाव घेतले. तेवढ्यावर साहेब उठले असते तर काय बिघडले असते? पण त्यांनाही कुणी तरी पूर्वज्ञान जागृत करायला शिकवले असावे.

"शाबास! घरी पाहिलास का कधी?"

घोकलेले संपले होते. "व्हय, सार. लई हायेत. बुट्टीखाली."

"मग मारत नाही का कुणी?"

"ऐतवारी एक मारतात, सार. अव्वा सारु करती."

"काय करते?"

इथे मास्तरांना राहवेना. "सारु म्हंजे रस्सा, सार. मसाला वाटून. साहेबांनी एकदा गरिबाच्या घरी यावं."

साहेबांनी उपरण्याचे टोक तोंडाला लावले. "आठ पायांचा?"

"आठच, सार," तुळशी म्हणाली. "मिस्सम्मांनी शिकवलंय."

मी धावत पुढे झाले आणि सगळा उलगडा केला. कोळी म्हणजे इथे कोंबडी, हळ्ळी म्हणजे खेडे, अव्वा म्हणजे आई, कुणी किडे खात नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. ते हुशार गृहस्थ होते, त्यांना सगळे समजले. "म्हणजे या मुली कन्नडच बोलतात की! मग वेगळा वर्ग कशाला?"

वर्ग बंद झाला. मुली शेजारच्या खोलीत गेल्या आणि आठवडाभरात तिथल्याच झाल्या. मास्तरांना घरी बसवले. जाताना त्यांनी खुर्ची सरळ करून ठेवली आणि मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको, नॉर्मलम्मा. साहेबांना मराठी येत न्हाई, त्याला तू काय करणार?" ते हसले नाहीत आणि मलाही हसू आले नाही.

पुढे मी टी. नरसीपूरच्या शाळेत नोकरीला लागले. मास्तर गेले, त्याच्या थोडेच दिवस आधी मी त्यांना भेटायला म्हैसुरात आले होते. अंथरुणाला खिळले होते, आवाज पार खोल गेलेला. मी पायाशी बसले. त्यांची मुलगी केरसुणी घेऊन कोपऱ्यातले जाळे काढायला निघाली, तसा त्यांनी हात वर केला.

"राहू दे ग. कोळी हाय तो."

मी चमकून पाहिले. त्या किड्याला ते स्वतःहून कोळी म्हणालेले मी कधीच ऐकले नव्हते. मी वर जाळ्याकडे बघत बसले.

"सुम्ने बघू नको, नॉर्मलम्मा," मास्तर म्हणाले. "आरवतो का बघ."